वादळ समुद्राचे, जबाबदारी शासनाची

बंगालच्या उपसागरात वादळे नेहमीचीच. ती थोपवणे कुणाच्याच हाती नाही, पण त्यांत किती माणसे दगावतात याचा हिशेब शासनाकडे मागता येतो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा या किनाऱ्याचा इतिहास हेच सांगतो.

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख बळी घेतले. इशारा बेटांवरच्या कोळ्या-शेतकऱ्यांपर्यंत धड पोचला नाही आणि पोचला तिथे आसऱ्याला उंच जागा नव्हती. याह्याखान सरकारने मदतीतही दिरंगाई केली. तो संताप महिन्याभरात मतपेटीत उतरला आणि वर्षभरात बांगलादेश जन्माला आला. नव्या देशाने रेड क्रॉसच्या साथीने गावोगावी स्वयंसेवक उभे केले. बावटे लावून, भोंग्यावरून ओरडून ते गाव जागे करत. तरीही 1991 च्या चक्रीवादळात सुमारे एक लाख 38 हजार माणसे गेली, कारण निवारे फार थोडे होते. पुढे निवारे वाढले. 2007 चे ‘सिद्र’ही अतितीव्रच होते, त्यात बळी साडेतीन हजारांच्या आसपास राहिले.

ओडिशाचा धडा आपल्याला अधिक जवळचा. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास लोक मेले. राज्याने त्याच वर्षी स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापले आणि किनाऱ्यालगत निवारे बांधायला घेतले. हे निवारे खांबांवर उभे असतात. तळमजला मोकळा ठेवलेला, म्हणजे उधाणाचे पाणी खालून निघून जाते. एरवी तिथे शाळा भरते, म्हणून इमारत वापरात राहते आणि वाटही सगळ्यांच्या पायाखालची असते. 2013 मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. ‘फायलिन’चा जोर 1999 पेक्षा कमी होता हे खरे, पण एवढी तफावत निव्वळ वाऱ्याच्या वेगाने पडत नाही. ओडिशा काही श्रीमंत राज्यही नव्हते.

याउलट म्यानमार. मे 2008 मध्ये ‘नर्गिस’ येत असल्याचे भारतीय हवामान खात्याने आधीच कळवले होते. तरी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातली गावे बेसावध राहिली. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा एक लाख 38 हजारांवर गेला. लष्करी राजवटीने परदेशी मदत पथकांचे व्हिसा अडवून ठेवले आणि आठवड्याभरातच, 10 मे रोजी, देशाच्या बऱ्याच भागात राज्यघटनेवर सार्वमत उरकले. जिथे सरकारला जाब विचारता येत नाही, तिथे माणसांच्या जिवाला असे शेवटचे स्थान मिळते.

जीव वाचले म्हणजे शासनाचे काम संपले, असे मात्र नाही. आपल्याकडे, अरबी समुद्राच्या बाजूला, 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जीवितहानी थोडी झाली, पण श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. हेक्टरी मदतीच्या निकषात गुंठ्यांतल्या वाड्यांच्या पदरी फारसे काही पडेना. पुढे झाडागणिक मदतीचा निर्णय घ्यावा लागला. नियम करणाऱ्याला वाडी माहीत असती, तर हा निकष आधीच लिहिला गेला असता.

निवारा, इशारा आणि नुकसानभरपाईचे नियम ही सारी कामे आभाळ निरभ्र असतानाच व्हायला हवीत. म्हणून त्यांचा जाबही तेव्हाच, ग्रामसभेत आणि अर्थसंकल्पाच्या वेळी, मागितला पाहिजे.