निर्माता, वितरक आणि परवाना

संगणकावरील एखादे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती पडते, तेव्हा ते बहुधा दोन हातांतून गेलेले असते. पहिला हात ते लिहिणाऱ्याचा, म्हणजे निर्मात्याचा. दुसरा हात वितरकाचा. तो हजारो निर्मात्यांची सॉफ्टवेअरे गोळा करतो, ती एकमेकांशी जुळवून घेतो, त्यांतील दोष काढतो आणि वापरायला सोपी अशी पॅकेजे करून लोकांपर्यंत पोचवतो. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या जगात डेबियन, रेड हॅट, उबुंटू ही अशा वितरणांची परिचित नावे आहेत. आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे नाते समजणे कठीण नाही. वाण निवडून तयार करणारा एक असतो आणि ते बियाणे पिशवीत भरून, तिच्यावर नाव छापून गावोगाव विकणारा दुसरा. दोघांचेही काम गरजेचे आहे आणि दोघांत वादही होतात. त्या वादांच्या मुळाशी बहुधा एकच कागद असतो, तो म्हणजे परवाना.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती' मानली आहे. कथा किंवा कविता लिहिताच तिच्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो, तसाच आज्ञावलीवर तिच्या कर्त्याचा. त्याच्या अनुमतीवाचून तिची प्रत काढता येत नाही, तिच्यात बदल करून ती वाटता येत नाही. ही अनुमती ज्या अटींवर दिली जाते, त्या अटींचा लेख म्हणजे परवाना. मुक्त सॉफ्टवेअरचा निर्माता आपला हक्क टाकून देत नाही. त्याच हक्काच्या बळावर तो इतरांना वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेला आणि १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जीपीएल परवाना या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. घेणाऱ्याने कर्त्याची हक्कनोंद पुसू नये, आपण केलेले बदल तसे नमूद करावेत आणि वाटताना पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य व मूळ संहिता द्यावी, अशा त्याच्या अटी आहेत.

मग वाद कशावरून होतात? ढोबळ मानाने त्यांचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार बदल करण्याच्या हक्काचा. डॅनियल बर्नस्टाईन यांनी ईमेल पोचवणारे 'क्यूमेल' हे सॉफ्टवेअर लिहिले. त्याची सुरक्षितता वाखाणली गेली; पण बदललेली आवृत्ती इतरांनी मोकळेपणी वाटावी, हे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्याने केलेल्या बदलातून दोष शिरला तर बोल मूळ कर्त्यालाच लागतो, ही त्यामागची चिंता समजण्यासारखी आहे. परंतु वितरकाला आपल्या प्रणालीत बसवण्यासाठी बदल करावेच लागतात. परिणामी डेबियनला ते आपल्या मुख्य संग्रहात घेता आले नाही. अखेर २००७ मध्ये बर्नस्टाईन यांनी क्यूमेल सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले केले आणि अडसर दूर झाला.

दुसरा प्रकार दोन परवाने एकमेकांशी न जुळण्याचा. 'केडीई' हा संगणकाचा दर्शनी पडदा जीपीएलखाली होता, पण तो ज्या 'क्यूटी' नावाच्या पायावर उभा होता त्याचा परवाना जीपीएलशी विसंगत होता. दोन्ही विनामूल्य मिळत होते. तरी त्यांना जोडून वाटण्याचा हक्क परवान्यांतून सिद्ध होत नव्हता. म्हणून १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकले. २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आले, तेव्हा हा प्रश्न सुटला. पुढे २००६ मध्ये सीडी लिहिणाऱ्या 'सीडीआरटूल्स'बाबत असाच मतभेद झाला. कर्ते यॉर्ग शिलिंग यांनी काही भागांचा परवाना बदलला. त्यांच्या मते त्यात गैर काहीच नव्हते, डेबियनच्या मते दोन परवाने एकत्र नांदू शकत नव्हते. तोडगा निघाला नाही, आणि डेबियनच्या बाजूने 'सीडीआरकिट' ही वेगळी शाखा निघाली.

तिसरा प्रकार नावाचा, आणि तो सर्वांत बोधप्रद आहे. फायरफॉक्सची संहिता मुक्त होती, पण त्याचे नाव आणि कोल्ह्याचे बोधचिन्ह ही मोझिलाची व्यापारचिन्हे होती. बोधचिन्हाचा परवाना डेबियनच्या नियमांत बसत नसल्याने डेबियन ते चिन्ह वगळून केवळ नाव वापरीत असे, आणि जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करीत असे. २००६ मध्ये मोझिलाने कळवले की नाव हवे तर चिन्हही घ्यावे आणि बदलांना संमती घ्यावी. डेबियनने नाव सोडले. तेच सॉफ्टवेअर दहा वर्षे 'आइसवीझल' या नावाने वाटले गेले. २०१६ मध्ये दोन्ही बाजूंत समजूत झाली आणि मूळ नाव परत आले. संहिता घेण्याचा हक्क आणि नाव लावण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, हे या प्रकरणाने जगाला शिकवले. आज अनेक मुक्त मराठी अक्षरसंच ज्या 'ओपन फाँट' परवान्याखाली मिळतात, त्यातही कर्त्याला नाव राखून ठेवण्याची सोय आहे. तसे राखलेले नाव बदललेल्या अक्षरसंचाला लावता येत नाही.

या सर्व वादांत एक गोष्ट समान आहे. वाद करणाऱ्यांच्या हाती लेखी परवाना होता, त्यामुळे कोणाचा हक्क कुठवर, हे वाचून सांगता येत होते. असा कागद नसला की काय होते, याचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी राहत. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचे, चवदार असे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले. आज हे नाव आपल्या भागातील घरोघरी ठाऊक आहे. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले. मूळ वाणाचे शास्त्रीय शुद्धीकरण आपण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. नाव आणि मोबदला आपल्याला मिळाला नाही, असे दादाजींचे. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने त्यांची दखल घेतली. पण ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या संसारातील ओढग्रस्त संपली नव्हती.

हे प्रकरण सॉफ्टवेअरच्या भाषेत मांडून पाहावे. दादाजी निर्माते, विद्यापीठ सुधारणा करणारे वितरक. शुद्धीकरण हेही श्रमाचे काम आहे, ते कमी लेखू नये. परंतु त्या पाच किलो बियाण्याबरोबर जीपीएलसारखा एक कागद गेला असता, तर कर्त्याचे नाव पुढे चालले असते, कोणता बदल कोणी केला हे नोंदले गेले असते आणि दोघांचे श्रेय वेगवेगळे दिसले असते. पुढे २००१ च्या वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण निर्माण करणाऱ्या शेतकऱ्यालाही नोंदणीचा हक्क दिला. पण तो येईतो 'पीकेव्ही-एचएमटी' बाजारात येऊन तीन वर्षे होत आली होती.

आपल्या शाळेतील मुले-मुली उद्या आज्ञावली लिहितील, अक्षरे रेखाटतील, कदाचित बांधीत उभे राहून नवे वाणही शोधतील. त्यांनी आपली निर्मिती उदारपणे द्यावी. ज्ञान वाटल्याने वाढते. मात्र देताना तिच्यावर आपले नाव आणि तारीख घालावी, योग्य परवाना निवडून त्याचा मजकूर सोबत जोडावा. दुसऱ्याचे काम घेताना त्याचा परवाना आधी वाचावा, कर्त्याचे नाव कायम ठेवावे आणि आपण काय बदलले ते प्रांजळपणे लिहावे. मुक्त असणे आणि बेवारस असणे या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि त्यांच्यामधली सीमा एका पानावर लिहिता येते.