मॉल बघायचे साठ रुपये

एसीची हवा खायला मॉलमध्ये शिरताना तुम्ही कधी पैसे मोजलेत? हाजी अलीजवळ १९९९मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला, देशातल्या पहिल्या मॉल्सपैकी एक. बघ्यांची एवढी झुंबड उडाली की गेटवर नियमच लागला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. मोबाइल तेव्हा साहेब लोकांकडे असायचा. मग बाहेर कोण राहिलं, कळलं ना?

भायखळा, लालबाग, परळमधली माणसं. १९८२च्या संपानंतर इथल्या गिरण्या बंद पडत गेल्या. लोअर परळची फिनिक्स मिल तर स्वतःच मॉल झाली. चिमणी अजून उभी आहे, सेल्फीत छान येते! आजोबा जिथे पाळीला जायचे तिथे आता नातू शोरूममध्ये 'शिफ्ट' करतो.

क्रॉसरोड्सचं पुढे सोबो सेंट्रल झालं, मग दुकानं एकेक करून गेली आणि मॉल ओस पडला. अमेरिकेत तर मॉल इतके झाले की 'डेड मॉल' हा शब्दच रुळलाय. इकडे मदनपुऱ्यात बॅगा शिवणारे गाळे मात्र चालूच आहेत.

शोरूममधल्या त्या नातवाकडे या परत. दिवसभर उभा असतो तो. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केरळने २०१८मध्ये केला, तमिळनाडूने २०२१मध्ये. पुढच्या वेळी जीन्स ट्राय करताना काउंटरमागे डोकावा जरा, स्टूल दिसतंय का?