गर्दीच्या बाजारात नव्या गाळ्याला गिऱ्हाईक मिळेल काय?

इंटरनेटवरून धंदा मिळवू पाहणाऱ्या पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण परिसरातील कारागीर आणि व्यापारी बंधूंसाठी

भोसरीत एखादा लेथ टाकणारा तरुण असो, चिखलीत लाकडी पॅलेट बनवणारा असो, की चाकणच्या रस्त्यावर फॅब्रिकेशनचा गाळा घेणारा असो, प्रत्येकापुढे आज एकच प्रश्न आहे. मोबाईलवर आपल्या कामाचे नाव टाकून शोध घेतला, की शेकडो जुन्या दुकानांची व कारखान्यांची नावे समोर येतात. कोणाचे शंभर अभिप्राय, कोणाची चकचकीत छायाचित्रे, तर कोणी पैसे भरून पहिला नंबर लावलेला. अशा गर्दीत काल आलेल्या माणसाला कोण विचारणार? आणि त्याने या कामी पैसा घालावा की घालू नये?

आमचे उत्तर असे आहे की, जागा आहे. मात्र ती गर्दीच्या मधोमध नाही, कडेला आहे. ती कशी शोधावी, तिला खर्च किती येतो आणि कोठे फसवणूक होते, याचा विचार आपण येथे करू.

गर्दी ही नवी गोष्ट नव्हे

आपल्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहासच नवख्यांचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने येथे उभे राहिले. त्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारे हजारो लहान गाळे आले. यातील प्रत्येक गाळा केव्हातरी नवाच होता, आणि प्रत्येकाच्या आधी कोणीतरी तेथे बसलेलेच होते.

मोठ्यांनाही हे चुकले नाही. शंभर सीसीच्या, मायलेज देणाऱ्या मोटारसायकलींत हीरो होंडाने बाजार काबीज केला होता. तेव्हा बजाजने केवळ त्याच लढाईवर न विसंबता २००१ साली १५० आणि १८० सीसीची पल्सर बाजारात आणली. ज्या गिऱ्हाइकाला मायलेजबरोबर ताकदही हवी होती, ते तिला मिळाले. इंटरनेटच्या धंद्यातही हेच घडले आहे. गूगल ही कंपनी १९९८ साली निघाली तेव्हा याहू आणि अल्टाव्हिस्टा ही नावे आधीच प्रसिद्ध होती. तात्पर्य, गर्दी असणे याचा अर्थ दार बंद आहे असा होत नाही. गर्दी हे मागणी असल्याचेही लक्षण आहे. जेथे एकही दुकान नाही तेथे बहुधा गिऱ्हाईकही नसते.

तथापि, जे दहा जण विकतात तेच अकराव्याने तशाच रीतीने विकावयाचे ठरवले, तर त्याच्या हाती एकच हत्यार उरते, ते म्हणजे भाव पाडणे. भाव पाडून मिळवलेले गिऱ्हाईक दुसऱ्याने आणखी भाव पाडताच निघून जाते. म्हणून पहिला नियम असा की, नवख्याने भावाच्या लढाईत उतरू नये.

अरुंद वाट धरा

'सर्व प्रकारची जॉबवर्कची कामे केली जातील' अशी पाटी आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते. रस्त्यावरच्या पाटीला ती चालते, कारण पाहणारा समोर उभा असतो आणि आत येऊन विचारतो. इंटरनेटवर मात्र खरेदी खात्यातला माणूस 'सर्व प्रकारची कामे' असे शोधत नाही. त्याला स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या हव्या असतात, जुन्या पॉवर प्रेसची दुरुस्ती हवी असते, पाच-दहा नगांचे तातडीचे सरफेस ग्राइंडिंग हवे असते, किंवा निर्यातीसाठी उष्णता दिलेले शिक्क्याचे पॅलेट हवे असते. तो तेच शब्द टाकतो. ज्याने नेमके तेच शब्द लिहिले आहेत, तो नवा असला तरी समोर येतो. ज्याने सर्वच लिहिले, तो जुन्यांच्या मागे दडतो.

म्हणून आपल्या कामांतील एक काम निवडावे. निवडताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे काम मला इतरांपेक्षा चांगले येते काय? मोठे कारखानदार हे काम नको म्हणून टाळतात काय? आणि एकदा आलेले गिऱ्हाईक पुन्हा येण्याजोगे हे काम आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ती आपली वाट. मोठा शॉप पाच नगांसाठी मशीनची सेटिंग बदलायला तयार नसतो. तेथे लहान्याला वाव आहे.

काळ बदलला की नव्या वाटाही फुटतात. बजाजने चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर २०२० साली पुन्हा बाजारात आणले व २०२२ साली आकुर्डीत तिचा कारखाना सुरू केला. विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही, पण बॅटरीची पेटी, तांब्याच्या पट्ट्या आणि वायरिंगचे साहित्य लागते. जुन्या कामात जो पहिल्या नंबरवर आहे, तो या नव्या कामातही पहिला असेलच असे नाही. येथे सर्व जण जवळपास सारखेच नवखे आहेत.

जवळ असणे हीच नव्याची ठेव

गूगलच्या नकाशावर दुकाने कोणत्या क्रमाने दाखवली जातात, हे कंपनीनेच सांगितले आहे. शोधलेल्या कामाशी दुकानाचा मेळ किती, शोधणाऱ्यापासून ते किती अंतरावर आहे आणि त्याचा बोलबाला किती, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. यातील बोलबाला नव्याकडे नसतो. परंतु मेळ त्याच्या हातात आहे आणि अंतर त्याच्या बाजूचे असू शकते. महाळुंग्याच्या कारखान्यातील माणसाने वेल्डर शोधला, तर दूरच्या नामवंतापेक्षा शेजारच्या गाळ्याला संधी अधिक. ही नोंद फुकट होते. पडताळणीसाठी बहुधा गाळा, पाटी व यंत्रे दाखवणारे व्हिडिओ चित्रण मागतात, म्हणून पाटी आधी लावावी.

नोंद करताना वेळाही खऱ्या लिहाव्यात. जुम्म्याच्या दिवशी दुपारी दोन तास गाळा बंद राहत असेल तर तसे नोंदवावे. दूरवरून टेम्पो घेऊन आलेला माणूस कुलूप पाहून परतला, तर तो पुन्हा येत नाही आणि अभिप्रायही वाईट लिहून जातो. छायाचित्रे दुसऱ्याची उचलू नयेत. आपल्याच कामाची, उजेडात काढलेली दहा छायाचित्रे पुरतात. ज्या कारखान्याचे काम केले त्याचा भाग वा ड्रॉइंग मात्र त्यांच्या परवानगीवाचून दाखवू नये. नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेणे हीही फसवणूकच होय, आणि ती उघडकीस आली तर नोंदही काढून टाकली जाऊ शकते. काम देताना समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहिण्याची विनंती करावी. वर्षभरात असे वीस खरे अभिप्राय जमले तरी पुष्कळ झाले.

पत्ता नोंदवण्याचे महत्त्व कुदळवाडीच्या बांधवांना सांगावयास नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील अनधिकृत ठरवलेल्या बांधकामांवर कारवाई केली, तेव्हा भंगाराची गोदामे व लहान कारखाने मोठ्या संख्येने पाडले गेले. अनेकांना दुसरीकडे बस्तान हलवावे लागले. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक ज्या वळणावर येत होते ते वळणच गेले. असे जुनेजाणते व्यापारीही नव्या जागी नवखेच ठरतात. त्यांनी जुनी नोंद पुसून नवी उघडण्याऐवजी त्याच नोंदीत पत्ता बदलावा आणि जुना मोबाईल नंबर कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. नंबर कायम राहिला तर गिऱ्हाईक कायम राहते.

खर्चाचा हिशेब आधी मांडा

इंडियामार्ट, जस्टडायल यांसारख्या कंपन्या १९९६ पासून या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे फुकट नोंद होते, पण चौकशा अधिक हव्या असतील तर वर्षाचे पैसे भरावे लागतात. एकच चौकशी अनेक पुरवठादारांकडे जाते, हे येथे ध्यानात ठेवावे. पैसे भरल्याने गिऱ्हाईक मिळत नाही, गिऱ्हाइकाशी बोलण्याची संधी मिळते.

समजा, आपण वर्षाला ३६,००० रुपये भरले, म्हणजे महिन्याला ३,०००. महिन्यात २० चौकशा आल्या आणि दहांपैकी एकाने काम दिले, तर दोन कामे मिळाली. एका कामामागे १,५०० रुपये खर्च झाला. त्या कामात नफा १,००० रुपयेच असेल, तर ५०० रुपये खिशातून गेले. पण तेच गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा आले, तर चार हजारांचा नफा झाला आणि खर्च १,५००च राहिला. म्हणजे सर्व गणित गिऱ्हाईक परत येण्यावर आहे. शिवाय प्रत्येक कोटेशनला अर्धा तास धरला, तरी वीस चौकशांचे दहा तास होतात. तेवढा वेळ मशीन बंद ठेवणे परवडते काय, तेही पाहावे.

आमचा सल्ला असा की, पहिले सहा महिने फुकट नोंदींवर काढावेत. किती फोन आले, किती कामे मिळाली, कोण परत आले, हे एका वहीत लिहावे. वही सांगेल तेव्हाच पैसे भरावेत. फोनवरील विक्री प्रतिनिधी सांगेल तेव्हा नव्हे. आणि या कामी कर्ज तर काढूच नये.

तयार माल विकणाऱ्यांसाठी एक सवलत झाली आहे. पूर्वी इंटरनेटच्या बाजारपेठांतून माल विकावयाचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीच्या मर्यादेखाली उलाढाल असलेल्या आणि फक्त आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्याला काही अटींवर त्यातून सूट मिळाली. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. माल राज्याबाहेर पाठवावयाचा असेल, तर आपल्या कर सल्लागाराला आधी विचारून घ्यावे.

सरकारी दार आणि बुडीत पैसा

सरकारी खात्यांच्या खरेदीसाठी जेम ही बाजारपेठ २०१६ साली सुरू झाली. केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या खरेदीचा किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. अशा उद्योगांना निविदेच्या अनामत रकमेतूनही सूट मिळते. यासाठी उद्यम नोंदणी लागते. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून पूर्णपणे फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर दूर राहावे.

या नोंदणीचा दुसरा उपयोग अधिक मोठा आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. अनोळखी गिऱ्हाईक दूरवरून येते तेव्हा हे संरक्षण मोलाचे ठरते. मात्र नोंदणी माल देण्याआधीची असावी, आणि कामाची ऑर्डर, चलन व बिल हातात असावे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे. ४५ दिवसांचा नियम त्यांना लागू नाही. व्यापाऱ्यांनी म्हणूनच अनोळखी गिऱ्हाइकाला उधारी देताना हात आखडता घ्यावा.

नव्या नोंदीवर पहिला फोन कधीकधी ठकाचाच येतो. लष्करातील अधिकारी असल्याचे सांगून मोठी ऑर्डर द्यावयाची आणि 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' म्हणावयाचे, ही त्यांची ठरलेली रीत. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

तरुणांसाठी एक काम

अनेक तरुण ऑनलाइन मार्केटिंगचे वर्ग करून बाहेर पडतात व सर्वांसाठी सर्व काही करतो असे सांगतात. ती गर्दी फार मोठी आहे. पण ज्याला व्हीएमसी आणि लेथ यांतील फरक कळतो, ड्रॉइंग वाचता येते आणि मराठी-हिंदीत सांगितलेले काम नीट इंग्रजीत लिहिता येते, असा मुलगा दुर्मिळ आहे. बापाच्या किंवा चुलत्याच्या गाळ्यावर वाढलेल्या मुलाकडे हे ज्ञान आपसूक असते. त्याने प्रथम घरच्या गाळ्याची नोंद सुधारावी, आलेल्या चौकशांची वही ठेवावी आणि ती वही दाखवून शेजारच्या चार गाळ्यांचे काम घ्यावे. अनोळखी शहरातील गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा ही सुरुवात भक्कम आहे.

इंटरनेट गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते. दाराच्या आत काम वेळेवर, मापात आणि ठरलेल्या भावात झाले, तरच ते टिकते. एक काम निवडावे, पत्ता व वेळ खरी लिहावी, फोन उचलावा, खर्चाची वही ठेवावी आणि एक वर्ष धीर धरावा. एवढे करणाऱ्याला गर्दीतही बरकत आहे.