शिकवावयास शिकणारे

मुलांनो, एखाद्या दिवशी आपल्या वर्गात काही नवे चेहरे दिसू लागतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात वैराग नावाचे गाव आहे, त्याचेच उदाहरण घ्या. बार्शीहून सोलापूरला जाणाऱ्या वाटेवरचे हे बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील मुले येथे शिकावयास येतात. अशा गावच्या शाळेत सकाळच्या एस. टी.ने तीन-चार तरुण मंडळी येऊन दाखल होतात. पहिले काही दिवस ती वर्गात मागच्या बाकावर बसून वहीत टिपणे करतात. मग एके दिवशी त्यांच्यापैकी एक बाई खडू हाती घेऊन फळ्यापाशी उभ्या राहतात. त्यांचा आवाज किंचित कापत असतो. मुले एकमेकांच्या कानाशी लागून म्हणतात, "बी. एड.च्या बाई आल्या!"

या बाईंनी महाविद्यालयाची पदवी तर केव्हाच मिळविलेली असते. आपला विषय त्यांना चांगला येत असतो. मग पुन्हा विद्यार्थी होऊन त्या कसला अभ्यास करीत असतात? ज्याला गणित येते, त्याला ते शिकविताही आलेच, असे नव्हे काय?

नाही, तसे नाही. खेड्यात मुले विहिरीत पोहावयास शिकतात, ते तुम्ही पाहिले असेल. पाठीला कोरडा भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यात सोडतात. पट्टीचा पोहणारा विहिरीचा तळ गाठून येईल. परंतु भेदरलेल्या मुलाचा हात केव्हा धरावा, केव्हा सोडावा आणि पाठीवरचा डबा कोणत्या दिवशी काढावा, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. पोहणे ही एक विद्या आणि पोहावयास शिकविणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचे शास्त्र म्हणजेच शिक्षणशास्त्र होय.

शिक्षकानेही आधी शिकले पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यास भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. पुढे १९०६ साली मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले आणि १९४१ साली पुण्यास टिळक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. आज वैरागच्या मुलामुलींना या शिक्षणासाठी फार दूर जावे लागत नाही. बार्शी व सोलापूर येथेही शिक्षणशास्त्राची महाविद्यालये आहेत. बी. एड. ही पदवी पूर्वी एका वर्षात मिळत असे. २०१५ पासून तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. बारावीनंतर चार वर्षांत आवडीचा विषय आणि शिक्षणशास्त्र ही दोन्ही बरोबरीने शिकविणारा अभ्यासक्रमही आता आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यावर विशेष भर दिला आहे.

या अभ्यासक्रमातला पहिला विषय कोणता, असे तुम्हांस वाटते? गणित नव्हे, भाषा नव्हे. पहिला विषय आहे मूल. मूल कसे वाढते, कसे विचार करते, कशाला भिते, हे भावी शिक्षकाने प्रथम जाणून घ्यावयाचे असते. झां प्याजे (१८९६ ते १९८०) या स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञाने लहान मुलांवर केलेला एक साधा प्रयोग या अभ्यासात सांगतात. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावयाचे. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच व अरुंद पेल्यात ओतावयाचे आणि विचारावयाचे, "आता पाणी कशात जास्त?" पाच वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखविते. सात-आठ वर्षांचे मूल हसून सांगते, "दोन्हींत सारखेच." धाकट्या मुलाला बुद्धी कमी असते असे नव्हे, त्याची विचार करण्याची पायरी वेगळी असते. ती पायरी ओळखल्यावाचून शिकविणे म्हणजे पहिली पायरी सोडून माडीवर उडी मारावयास सांगणे होय.

मूल एकटे वाढत नाही. ते घरात आणि समाजात वाढते. म्हणून शिक्षण आणि समाज हाही अभ्यासाचा विषय असतो. सोलापूर शहरातच पाहा. एकाच्या घरी मराठी बोलतात, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याच्या तेलुगू, तर चौथ्याच्या उर्दू. पुस्तकातला शब्द या चौघांना सारखाच सोपा कसा वाटेल? ऊसतोडीच्या हंगामात काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि परत येतात तो वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. कोणाला डोळ्यांनी कमी दिसते, कोणाला ऐकू कमी येते. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. परंतु तो हक्क वर्गात खरा करून दाखविण्याचे काम शिक्षकाचे असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे हेच काम केले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात व शाळेला मुकत. तेव्हा या बाईंनी शाळाच कुरणात नेली! 'कुरणशाळा' हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

तिसरा भाग प्रत्यक्ष शिकविण्याच्या रीतीचा. प्रत्येक पाठापूर्वी भावी शिक्षकाला पाठाचे टाचण काढावे लागते. आज काय शिकवावयाचे, सुरुवात कोणत्या प्रश्नाने करावयाची, कोणते चित्र दाखवावयाचे आणि मुलांना समजले की नाही हे कसे ओळखावयाचे, याचा तो लेखी आराखडा असतो. याशिवाय सूक्ष्म अध्यापन नावाची एक गमतीची रीत आहे. ही रीत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या काही वर्षांत निघाली. तीत वर्ग खरा नसतो. पाच-दहा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यावयाचे. कधी प्रश्न विचारण्याचे, कधी उदाहरण देण्याचे, तर कधी फळ्यावर लिहिण्याचे. सहा मिनिटे शिकवावयाचे, सहा मिनिटे इतरांनी दाखविलेले दोष ऐकावयाचे, बारा मिनिटांत नवी तयारी करावयाची, पुन्हा सहा मिनिटे शिकवावयाचे आणि पुन्हा सहा मिनिटे ऐकून घ्यावयाचे. असा हा ३६ मिनिटांचा फेरा असतो. आपली चूक शांतपणे ऐकून घेणे हे शिक्षकालाही शिकावेच लागते!

परीक्षा कशी घ्यावी, हाही एक विषय आहे. मळणी झाल्यावर धान्याची पोती मोजतात, तशी वर्षअखेरची परीक्षा. परंतु जाणता शेतकरी पेरणीपूर्वी मूठभर माती हातात घेऊन दाबून पाहतो आणि वाफसा आला आहे की नाही, हे ठरवितो. ओल फार असेल तर थांबतो. त्याचप्रमाणे शिक्षकानेही शिकविता शिकविता लहान लहान प्रश्न विचारून मुलांच्या मनाचा वाफसा पाहावयाचा असतो. ही परीक्षा गुण देण्यासाठी नसते. पुढचे पाऊल केव्हा टाकावे, हे कळण्यासाठी असते.

याखेरीज नाट्य, चित्रकला, वाचन आणि संगणकाचा वापर यांचाही अभ्यास असतो. नव्या साधनांचा उपयोग खेड्यातील शिक्षक किती कल्पकतेने करू शकतो, हे सोलापूर जिल्ह्यानेच दाखविले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, म्हणजे धडा वाचता वाचता मुलांना तो ऐकता व पाहताही येऊ लागला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

परंतु सर्वांत मोठी शाळा म्हणजे खरा वर्ग. दोन वर्षांपैकी सुमारे वीस आठवडे भावी शिक्षकांना शाळांत जाऊन काम करावे लागते. वैरागच्या शाळेत खडू हाती घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बाई याच कामासाठी आलेल्या असतात. त्यांचा एक तास आपण डोळ्यांपुढे आणू या.

बाई फळ्यावर दोन अपूर्णांक लिहितात, एकचतुर्थांश आणि एकअष्टमांश, आणि विचारतात, "यांतला मोठा कोणता?" एक मुलगा उठून म्हणतो, "एकअष्टमांश." सारा वर्ग हसतो. मुलाचा चेहरा उतरतो. मुलांनो, हा क्षण लहान दिसतो, पण तसा तो नाही. अशा हसण्याने दुखावलेले मूल पुढे हात वर करीत नाही. हळूहळू ते विषयाला भिऊ लागते आणि कधी कधी शाळाच सोडून देते. बाई आता "चूक! खाली बस." असे म्हणतील, तर तास पुढे सरकेल, पण तो मुलगा मागे राहील.

बाई तसे म्हणत नाहीत. त्या जवळ जाऊन विचारतात, "कसे ठरविलेस, बाळ?"

मुलगा म्हणतो, "बाई, चारापेक्षा आठ मोठेच की!"

बाईंच्या ध्यानात येते, की मुलाने विचार केला आहे; मात्र पूर्णांकांचा नियम त्याने अपूर्णांकांना लावला आहे. त्या हसून म्हणतात, "बरे, तुला कडाडून भूक लागली आहे. चतकोर भाकरी घेशील की नितकोर?"

"चतकोर!" मुलगा चटकन सांगतो. क्षणभर तो थांबतो. एका भाकरीचे चार भाग केले तर चतकोर आणि आठ केले तर नितकोर. वाटेकरी वाढले, की वाटा लहान होतो! त्याचे डोळे चमकतात. "बाई, एकचतुर्थांश मोठा!"

मुलाचे विचार समजून घेणे, घरच्या भाषेतला शब्द वापरणे, योग्य प्रश्न विचारणे आणि उत्तर स्वतः न सांगता त्याच्याकडूनच काढून घेणे, हे सारे त्या चार वाक्यांत आले. दोन वर्षांचा अभ्यास तो या चार वाक्यांसाठी. विहिरीतल्या मुलाचा हात बाईंनी धरला, आणि वेळ येताच हळूच सोडून दिला.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी असे नवे शिक्षक तुमच्या वर्गात आले, तर त्यांच्या कापऱ्या आवाजाला हसू नका. समजले नाही, तर मोकळेपणाने तसे सांगा. तुम्ही त्यांच्यापाशी गणित शिकता, आणि ते तुमच्यापाशी शिकवावयास शिकतात.

शब्दार्थ
पट्टीचा : तरबेज. फड : उसाचे शेत, येथे ऊसतोडीची जागा. टाचण : थोडक्यात लिहून काढलेली टिपणे. वाफसा : पेरणीला योग्य अशी जमिनीतील ओल. चतकोर : भाकरीचा चौथा भाग. नितकोर : चतकोराचा अर्धा भाग.

अभ्यास
१. पोहणे आणि पोहावयास शिकविणे यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. सूक्ष्म अध्यापनाची रीत तुमच्या शब्दांत सांगा.
३. कुरणशाळा का निघाली?
४. वर्ग हसल्यावर बाई "चूक!" असे का म्हणाल्या नाहीत?
५. तुम्हांला चांगले येणारे एखादे काम धाकट्या भावंडाला शिकवा आणि ते शिकविताना काय अडले, ते दहा ओळींत लिहा.