देवघरातून ध्वनिमुद्रिकेवर

जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठाची पोस्टरे संग्राहक आजही हौसेने चौकटीत लावतात. मराठी माणसाला मात्र ते पाहताच रॉक संगीताआधी देवघराची भिंत आठवते.

1967 च्या डिसेंबरात ही तबकडी ब्रिटनमध्ये निघाली. कार्ल फेरिसच्या छायाचित्रावरून रॉजर लॉने तिन्ही वादकांचे चेहरे रंगवले आणि ते विष्णूच्या विराट रूपाच्या एका बाजारी छापील चित्रात बसवले. गीतेच्या अकराव्या अध्यायातले विश्वरूप दाखवणारे हे चित्र. भोवतीचा देवपरिवार तसाच राहिला. मधली मुखे तेवढी बदलली.

अशा छापील देवचित्रांच्या परंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दर रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली ही चित्रे स्वस्त होती. देवळात प्रवेश नाकारलेल्यांच्याही घरात त्यामुळे देव आला. भाविकाने चित्राकडे पाहायचे आणि चित्रातल्या देवाने भाविकाकडे, हे दर्शन छापील कागदावरही घडू लागले.

लंडनच्या चित्रकारांनी नेमकी हीच समोरून रोखलेली नजर उचलली. पण ज्याच्यासाठी हे केले, त्या हेंड्रिक्सला ते फारसे रुचले नाही. आपल्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे रक्त आहे, असे तो मानत असे. त्यांनाही इंग्रजीत ‘इंडियन’च म्हणत, मुखपृष्ठावर मात्र आला तो हिंदुस्थान. 2014 मध्ये मलेशियाच्या सरकारने हिंदूंच्या भावनांचा विचार करून या मुखपृष्ठावर बंदी घातली.

तबकडीचे वेष्टन सुमारे 30 सेंटिमीटरचे चौरस. सीडीचे जेमतेम 12. म्हणजे चित्राचे क्षेत्रफळ सहापटीहून अधिक घटले. संगीताचे वेष्टन असे आक्रसल्यावर चित्राला ऐसपैस जागा उरली ती पोस्टरातच. संग्राहक तिथे छपाईचे वर्ष, कागद आणि रंगांचे ठिपके भिंगातून तपासतो. जुन्या वेष्टनाचेच छायाचित्र घेऊन केलेल्या पुनर्मुद्रणात ठिपक्यांवर ठिपके चढून जाळी उमटते, आणि नक्कल ओळखू येते.

भिंगातून छपाईचा अस्सलपणा कळतो. हे चित्र कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतोच. भाविकाच्या देवाचे रूप आणि गायकाचा चेहरा, दोन्ही त्यांना न विचारता एकत्र आले. भिंतीवरच्या त्या देखण्या पोस्टरकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.