घाम वाळतो, म्हणून जीव वाचतो

स्थायू, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपल्या मुलांना पाठ असतात. बर्फ, पाणी, वाफ ही उदाहरणेही ती धडाधड सांगतात. पण ‘माठातले पाणी गार कशाने होते?’ असे विचारले की वर्ग शांत होतो. व्याख्या पाठ झालेली असते, अवस्था बदलताना काय घडते ते मात्र कोणी पाहिलेले नसते. चिमूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या पट्ट्यात ही उणीव केवळ परीक्षेपुरती राहत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता हवेत जाणे थांबते, उलट हवेतली उष्णता शरीरात शिरू लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. द्रवाचा वायू होताना तो उष्णता घेऊन जातो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर घाम पूर्ण वाळला, तर ५० किलो वजनाच्या माणसाचे तापमान अडीच अंशांहून अधिक उतरेल एवढी उष्णता बाहेर पडते. मात्र घाम वाळायला हवा. जो नुसता निथळून खाली पडतो, त्याचा उपयोग नाही.

हे मुलांना दाखवायला वर्गात दहा मिनिटे पुरतात. प्रयोगशाळेतल्या दोन साध्या तापमापी घ्या. पारा नसलेल्या, लाल द्रवाच्या असाव्यात. एकीच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. एका मुलाला वहीने वारा घालायला सांगा आणि दर मिनिटाला आकडे फळ्यावर लिहा. कोरड्या दुपारी दोघींत आठ-दहा अंशांचाही फरक पडू शकतो. मग फडके पुन्हा ओले करून ती तापमापी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. आतली हवा बाष्पाने भरते, पाणी उडणे जवळपास थांबते आणि गारवाही जातो. जूनमधल्या दमट उकाड्यात कूलर का चालत नाही, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

असे हाताने करून दाखवणारे विज्ञान विदर्भाला नवे नाही. नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची मुले साध्या वस्तूंचे प्रयोग मांडतात आणि पाहुण्यांना स्वतः समजावून सांगतात. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून हेच केले. दोन्हीकडे मुले प्रयोग नुसते पाहत नाहीत, हाताळतात.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. कांदा खिशात असो वा नसो, उष्णता ओढून नेते ते वाळणारे पाणी. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश किंवा त्याहून वर जाते आणि माणूस बरळू लागतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. तेव्हा त्याला सावलीत न्या, जाड कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि सतत वारा घाला. ओल्या चादरीत घट्ट गुंडाळून ठेवू नका. प्रयोगातली बंद पिशवी आठवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत गारवा देणे थांबवू नका. उष्माघातात मिनिटे मोलाची असतात आणि त्यातली पहिली बहुतेक वेळा शेतात किंवा जंगलातच जातात.

२८ फेब्रुवारीला शाळाशाळांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्यानंतर लगेच मोहफुले वेचण्याचे दिवस येतात आणि पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम. आईबाप रानात जातात, पुष्कळदा मुलेही सोबत असतात. यंदाच्या विज्ञान दिनाला शिक्षकांनी हा एक प्रयोग प्रत्येक वर्गात करून पाहावा. सोबत पाण्याची बाटली आणि ओला दुपट्टा का न्यायचा, हे मग घरी मुलेच पटवून देतील.