चार दोऱ्यांचा पतंग : दोरी सुतीच घ्या

आज पतंग जमिनीवरून उचलायचा, असे मागच्या आठवड्यात ठरले होते. ते एका आठवड्याने पुढे ढकलतो. कारण हँडलांवरचा लेख वाचून जिंतूर आणि सेलूकडून एकच प्रश्न आला आहे : चारही दोऱ्या कशाच्या घ्यायच्या? हा प्रश्न मी दोन ओळींत उरकणार होतो, पण तो तेवढ्यावर भागणारा नाही. माझे उत्तर आधीच सांगतो. परभणी जिल्ह्यात शिकायला सुरुवात करणाऱ्याने सुती दोरी घ्यावी, तीही आखूड. जगभरातले जाणकार याच्या नेमके उलट सांगतात, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे.

ती बाजू भक्कम आहे. चार दोऱ्यांच्या पतंगासाठी सगळीकडे डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावाने मिळणारा पॉलिथिलीनचा विणलेला धागा वापरतात. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तरी चाळीसएक किलोचा ताण तो सहज पेलतो. त्याचे खरे गुण मात्र दोन. तो जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून हाताची बारीक हालचालही पतंगापर्यंत पोचते. आणि तो अतिशय गुळगुळीत असतो. पतंगाने एकाच दिशेने चार-पाच फेऱ्या मारल्या की चारही दोऱ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात, तरी त्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि पतंग हुकमात राहतो. सुताचे तसे नाही. दोन पिळांतच सुती दोऱ्या एकमेकींना धरून बसतात आणि खालच्या, म्हणजे ब्रेकच्या, दोऱ्या ओढल्या तरी वर काही कळत नाही. शिवाय तितक्याच ताकदीची सुती दोरी जाड असते, तिला वारा जास्त अडतो आणि ती मध्ये झोळ धरते. यातले एकही विधान मला खोडून काढायचे नाही.

पण आपण ज्या देशात पतंग उडवतो, तिथे धाग्याचा प्रश्न नुसता यंत्रशास्त्राचा राहिलेला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर मांजावर बंदी घातली. तिला बोलीभाषेत आपण नायलॉन मांजाची बंदी म्हणतो, पण ती त्याहून रुंद आहे. नायलॉनच नव्हे, तर कोणत्याही कृत्रिम पदार्थापासून बनवलेला, न कुजणारा, पतंग उडवण्यासाठी वापरला जाणारा मांजा किंवा धागा तिच्या कक्षेत येतो. त्यावर काच लावलेली आहे की नाही, त्याने पेच लावायचा आहे की नाही, असा भेद त्या शब्दांत नाही. पॉलिथिलीन कृत्रिम आहे, ते कुजत नाही आणि आपण त्याने पतंगच उडवणार आहोत.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि त्यात तथ्य आहे. बंदीमागचा हेतू गळे आणि पंख चिरणारा, कटल्यावर झाडांवर आणि तारांवर लोंबत राहणारा मांजा थांबवण्याचा आहे. आपल्या खेळात काटाकाटी नाही, पतंग गुल होत नाही, आणलेली दोरी संध्याकाळी गुंडाळून घरी परत जाते. मग हेतूच्या बाहेरच्या खेळाला शब्दांत का अडकवायचे? हा युक्तिवाद लवादापुढे किंवा न्यायालयापुढे कोणी मांडला तर मला आनंदच होईल. मैदानावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायापुढे मात्र तो मांडता येत नाही आणि मांडूही नये. संक्रांतीच्या आधी दुकाने तपासणाऱ्या माणसाने दोन चकचकीत कृत्रिम धाग्यांमधला फरक हाताने ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या शहरात मांजाने जखमी झालेला माणूस दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा असतो, तिथे आपला धागा वेगळा आहे असे सांगत फिरण्यापेक्षा तो खरोखर वेगळा, दिसताक्षणी वेगळा असणे बरे.

कायद्याचे शब्द आणि पतंग यांची गाठ जुनी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा शाळामास्तर जॉर्ज पोकॉक याने 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. त्या काळी रस्त्यांवर टोलनाके असत आणि गाडीला किती जनावरे जुंपली आहेत त्यावर टोल ठरे. पोकॉकच्या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे ती नाक्यावरून फुकट जाई. त्याने कायद्याच्या शब्दांचा फायदा घेतला. आज तेच शब्द आपल्या विरुद्ध आहेत म्हणून ते मानायचे नाहीत, असे म्हणता येणार नाही. (क्रिकेटवेड्या वाचकांसाठी : याच पोकॉकने आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात उचलले होते. ती पुढे डब्ल्यू. जी. ग्रेसची आई झाली.) पोकॉक इथे आणण्याचे खरे कारण वेगळे आहे. त्याचा पतंगही चार दोऱ्यांवर चाले : एक वरची, एक खालची आणि दोन बाजूंच्या. वरची-खालची कमीजास्त करून तो पतंगाचा वाऱ्याकडचा कल बदलत असे, म्हणजे ओढ कमी-जास्त करत असे. हे सारे पॉलिथिलीनच्या शंभर वर्षे आधी, साध्या दोरखंडांवर झाले. चार दोऱ्यांची मूळ कल्पना गुळगुळीत धाग्यावर अवलंबून नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

अवलंबून आहे ती गिरक्यांची, झपाट्याने वळणाऱ्या कसरतींची शैली. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या हॅड्झिकी भावांनी ‘रिव्होल्यूशन’ हा पतंग बाजारात आणला आणि आज आपण जो चार दोऱ्यांचा पतंग म्हणतो तो रूढ झाला. लोकांच्या डोळ्यांत भरल्या त्या त्याच्या गिरक्या. पण दोन दोऱ्यांच्या पतंगाला जे मुळीच जमत नाही ते गिरकी नव्हे. गिरकी तोही घेतो. त्याला जमत नाही ते थांबणे. चार दोऱ्यांचा पतंग हवेत एका जागी उभा राहतो, उलटा जातो, आडवा सरकतो. नवशिक्याने पहिले काही महिने याच तीन गोष्टी शिकायच्या आहेत आणि यांतल्या एकीतही दोऱ्यांना पूर्ण पीळ पडत नाही. म्हणजे सुताचा सर्वांत मोठा दोष ज्या वेळी आडवा येतो, ती वेळ शिकाऊ माणसावर अजून आलेलीच नसते. उलट, दुसऱ्या पिळाला दोरी अडते म्हटल्यावर मुलगा गिरक्या मारत सुटत नाही. डावीकडे वळला तर उजवीकडून वळून पीळ सोडवतो, आणि पतंग कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला किती वळला आहे याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसतो.

राहिला ताणाचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. सुती दोरी ताणली जाते, आणि चारही सारख्या ताणल्या जात नाहीत. ओढ जवळपास सगळी वरच्या दोन दोऱ्यांवर असते. त्या हळूहळू लांबतात, मग खालच्या तुलनेने आखूड पडतात आणि काही न करता ब्रेक लागल्यासारखे होते : पतंग चढत नाही, मागे मागे येतो. नवशिक्याला वाटते, वारा पडला. याला तीन उपाय आहेत. दोरी आखूड ठेवा. ताण लांबीच्या प्रमाणात असतो, तीस मीटरवर जेवढी वाढ होते तिच्या निम्मी पंधरा मीटरवर. आखूड दोरीवर पतंग चपळ होतो हे खरे, पण एका जागी थांबवायला शिकणाऱ्याला ते फारसे नडत नाही. दुसरे, पीळ दिलेली सुतळी नको, विणलेली गोल सुती दोरी घ्या. पतंगाला बांधण्याआधी चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून चांगल्या ओढून ठेवा आणि मगच लांबी जुळवा. तिसरे, दर खेपेला वरच्या दोऱ्या खाली आणि खालच्या वर करा, म्हणजे चौघी बरोबरीने लांबतात. सुताचा एक फायदाही आहे. पॉलिथिलीनचा धागा घर्षणाच्या उष्णतेने वितळतो आणि गाठीशी कापला जातो, म्हणून त्याच्या टोकांवर वेगळे आवरण चढवावे लागते. सुतावर सरळ फासगाठ मारता येते.

जाड दोरीला वाराही जास्त लागतो, आणि इथे परभणीचा हंगाम विचारात घ्यावा लागतो. संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे वारा बहुधा मंद असतो. कागदी पतंगाला तो पुरतो, पण चार सुती दोऱ्या त्यात झोळ धरतात. आपला वारा पश्चिमेचा, मेअखेरीपासून जुलै-ऑगस्टपर्यंतचा. मृगाच्या आधी नांगरून पडलेली रानेही मोकळी असतात. पेरणी झाली की मात्र मैदानच शोधायचे, शेतात पाय घालायचा नाही. पावसाळ्यात उघडीप बघून उडवले तरी काळ्या मातीत पडलेली दोरी भिजतेच. सूत भिजल्याने कमजोर होत नाही, उलट थोडे मजबूतच होते, पण दोरी आकसते आणि चौघींची लांबी बिघडते. तेव्हा भिजलेल्या दोऱ्या धुऊन, ओढून वाळवून पुन्हा जुळवायच्या.

आणि एक गोष्ट, जिच्यात सवलत नाही. ओली दोरी वीज वाहून नेते. मराठवाड्यात मृगाच्या तोंडावर ढग चढायला वेळ लागत नाही आणि या दिवसांत दर वर्षी वीज पडून माणसे जातात. पश्चिमेला किंवा कुठेही ढग गडगडला की पतंग खाली घ्यायचा, दोऱ्या गुंडाळत बसायचे नाही, निघायचे. महावितरणच्या तारा जिथून दिसतात तिथे मुळात उभेच राहू नये.

पुढच्या आठवड्यात उड्डाण, ते आता टळणार नाही. तोवर चारही दोऱ्या पंधरा-पंधरा मीटरच्या कापून, ओढून, जुळवून ठेवा. वरच्या जोडीच्या टोकांना लाल कापडाची चिंधी बांधा, कारण पहिल्या दिवशी नवशिक्यांच्या हातून वरखाली हमखास उलटसुलट होते.